बांधाच्या पाळीवरचा मुका

अत्यंत जड अंतःकरणाने, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता मी आज जाहीर करते की मला मुक्याची किळस येते. ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत आहे, मुलांना माहीत आहे, आणि आता अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तमाम जनतेलाही माहीत असावी. याउपर कुणी बारशाला, वाढदिवसाला किंवा सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमाला माझ्या गालाच्या दिशेने तोंड आणल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी त्या तोंडावर राहील.

हसू नका. किळस एका दिवसात येत नाही, ती कमवावी लागते. माझी लहानपणापासूनची कमाई आहे आणि त्यातलं पहिलं भांडवल घातलं माझ्या आत्याने.

आत्या दवनीवाड्याहून यायची. ती गुडाखू लावायची, म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा बोटाने दातांवर घासायची. सकाळी, दुपारी आणि मनात येईल तेव्हा. एसटीतून उतरली की आधी पिशवी खाली ठेवायची, मग पदराने तोंड पुसायची, आणि ते पुसलेलं तोंड थेट माझ्या गालावर. नुसतं टेकवून भागायचं नाही. ती दाबायची, ओढायची आणि सोडताना आंब्याची कोय चोखल्यासारखा आवाज काढायची. गाल ओला व्हायचा. आधी गुळाचा वास यायचा, आणि गुळाच्या मागून दबकत दबकत तंबाखूचा. मी हात वर नेला की आई डोळे मोठे करायची.

"पुसू नको वो, तिले वाईट वाटते."

मग मी तो गाल ताटात वाढलेल्या नको असलेल्या भाजीसारखा सांभाळत न्हाणीपर्यंत न्यायची.

आणि गंमत बघा, याच घरात उष्ट्याचा केवढा धाक. पाण्याच्या पेल्याला ओठ लागला की तो घासल्याशिवाय माठाजवळ जायचा नाही. पाणी वरून, घशात धार सोडून प्यायचं. एक पेरू आम्हा दोघी बहिणींत वाटायचा असेल तर तो फ्रॉकच्या कापडात गुंडाळायचा आणि कापडावरून चावायचा. हे चिमणीचे दात. चिमणीच्या दातांनी तोडलेलं उष्टं होत नाही, हा आमच्या घरातला कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं. मी एकदा आईला विचारलं की पेरूला कापड लागतं, मग आत्याच्या तोंडाने माझा गाल उष्टा होत नाही का.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "गाल कोणाले खायाचा हाये तो?"

लग्नानंतरचं विचारू नका. नवरा सज्जन आहे. त्याने एकदा विचारलं, मी एकदा उत्तर दिलं, आणि दोन मुलं झाली तरी तो मुद्दा पुन्हा चर्चेला आला नाही.

जगात मात्र मुक्याचं राज्य वाढतच चाललंय. मी घरी साड्यांना फॉल-पिको करून देते, त्यामुळे साड्यांबरोबर जगाच्या बातम्याही माझ्या मशीनखालून जातात. एका गिऱ्हाइकाची मुलगी नोकरीसाठी स्पेनमध्ये असते. तिकडे म्हणे नुसती ओळख करून देतानाही दोन्ही गालांना गाल लावतात आणि ओठांनी हवेत आवाज काढतात. हे ऐकून माझ्या सासूबाईंनी निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "हवेतच घ्याचा हाये त समोर माणूस कायले पायजे?"

मला ती पद्धत त्यातल्या त्यात पटली. निदान कोरडी आहे. पण त्याहून आमच्या शेजारच्या गोंड घराची पद्धत मला जास्त पटते. पाहुणा आला की पाय धुवायला तांब्याभर पाणी आणि तोंडाने 'जोहार'. पाणी पायाला, ओठ बोलायला. इतकी स्वच्छ व्यवस्था हाताशी असताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडे का धावतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तर अशा माणसाला, म्हणजे मला, मागच्या हिवाळ्यात एका मुक्यावर पहारा द्यायला पाठवण्यात आलं.

माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा दिसायला छान, गोंदियाच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, घरी धानाची शेती. भाचीला तो आवडला होता. आमच्यासमोर ती "ठीक हाये" म्हणाली, पण त्याचा फोन आला की अंगणातल्या तुळशीला दिवसातून चार वेळा पाणी घालायची. तुळस कुजायला आली होती.

तिची अट एकच होती. खर्रा खाणारा नवरा नको.

बाहेरच्या लोकांसाठी सांगते. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला मुखवास. आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारायचं एखादा विसरेल, खर्रा विचारायचं विसरणार नाही. गालात बार भरला की माणूस तासभर कुणाचा नसतो. आणि वर्षानुवर्षं भरला की हळूहळू तोंड उघडायचंच बंद होतं.

भाचीच्या वडिलांचं तसंच झालंय. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात. माझा हा भाटवा एकेकाळी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत एका घासात अख्खा लाडू खायचा. आता त्याच्या तोंडात जेमतेम एक बोट जातं. दवाखान्यात सांगितलं होतं, निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जायला पाहिजेत. याला वरणभात चुरून, चमच्याच्या टोकाने भरवावा लागतो. पुरीचे तुकडे करून एकेक सरकवावा लागतो. बोलतो तेही दातांच्या फटीतून, त्यामुळे बोलायचंच कमी केलंय. माझी बहीण लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्या वासापुढे नाकाला पदर लावून वळली, ती वळलेलीच राहिली. तोंडाने मात्र एकदाही म्हणाली नाही की खर्रा सोडा.

भाची लहान असताना तो गालात बार ठेवून तिची पप्पी घ्यायचा. ती फ्रॉकने गाल पुसत धावत माझ्याकडे यायची. माझ्या न्हाणीत तिच्यासाठी वेगळा साबण होता. मला मुलगी नाही, पण किळसेच्या बाबतीत वारस मिळाली.

त्यामुळे साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, सगळे पाहुणे बसलेले असताना, तिने नवऱ्या मुलाला सरळच विचारलं, "तुमी खर्रा खाता का?"

अर्ध्या पाहुण्यांच्या गालात तेव्हाही बार होता, ते खाली बघू लागले.

"खात होतो," मुलगा म्हणाला. "सोडलो."

"मोठ्यांच्या समोर सांगा."

त्याने हातात नारळ घेऊन सांगितलं. भाची म्हणाली, "मी बाबाले भात चुरून देते, तो माहा बाप हाये. नवऱ्याले नाई देणार. खाल्लेले दिसले त लग्न नाई."

नारळ दिले-घेतले, साखर वाटली, सगळे जेवले.

मग आलं ते प्री-वेडिंग. आजकाल लग्नाच्या हॉलमध्ये भिंतीएवढा पडदा लावतात आणि त्यावर नवरा-नवरी एकमेकांमागे धावताना दाखवतात. पाहुणे ताट हातात घेऊन बघतात. नवरीचा मामा म्हणतो, धावून धावून कुठं गेले हे. भाचीलाही तसा व्हिडिओ हवा होता, आणि जागा ठरली नवेगाव बांधचा तलाव. बहिणीचा जीव खालीवर.

"दोघंच जातीन तलावावर? अन् तो फोटोवाला? लोकं का म्हणतीन?"

म्हणून माझी नेमणूक. सूचना स्पष्ट होत्या. हात धरला तर चालेल. गळ्यात हात पडला तर खोकायचं. त्याच्या पुढे काही गेलं तर फोन लावायचा.

सकाळी तलावावर धुकं होतं. दूर पाण्यात मासे धरणाऱ्या ढिवरांचा एक डोंगा चालला होता, पाणपक्षी कलकलत होते. पाळीवर भाची पांढऱ्या झगझगीत गाऊनमध्ये, नवरा मुलगा निळ्या कोटात, आणि दोघांच्या मागे शाल गुंडाळून मी. फोटोग्राफर गोंदियाचा होता, त्याची जीभ अर्धी हिंदी, अर्धी मराठी आणि उरलेली इन्स्टाग्रामची.

"मौसीजी, थोडं बाजूला. आप फ्रेम में आ रहे हो."

"मी येणारच," मी म्हणाले. "मला त्यासाठीच पाठवलंय."

नवरा मुलगा त्या दिवशी फार गोड वागत होता. वाकून नमस्कार केला. चहा घेतला का विचारलं तर "हूं". रस्ता बरा होता का, तर "अं हूं". आणि उत्तर देताना हनुवटी वर करून आभाळाकडे बघायचा. मला इतकं कौतुक वाटलं. म्हटलं, काय लाजरा पोरगा आहे, मावशीच्या डोळ्याला डोळाही देत नाही.

फोटोग्राफर तर वेडाच झाला. "वाह जीजाजी, क्या लुक है. ऊपर ही देखो. जैसे दुआ मांग रहे हो."

आता आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल की आभाळाकडे बघून बोलणारा माणूस म्हणजे काय. तोंडात बार असला की बोलताना मान वर करावी लागते, नाहीतर रस ओठांतून गळतो. आमच्याकडे अर्धं गाव असंच आभाळाकडे तोंड करून बोलतं आणि बाहेरच्या पाहुण्याला वाटतं, बिचाऱ्यांना पावसाची काळजी आहे. हे सगळं मला माहीत होतं. पण त्याने कोट घातला होता, आणि कोटातला माणूस खर्रा खात असेल असं मनातच येत नाही.

"अब एक किस," फोटोग्राफर म्हणाला. "माथे पे. बहुत सोबर."

मी खोकले.

"ठीक है, गाल पे नहीं, बोला ना, माथे पे."

मी पुन्हा खोकले. जवळच्या पाण्यातून दोन पक्षी उडाले.

"मौसीजी को सर्दी है क्या?"

तेवढ्यात पाळीवर एक ढिवरीण उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसलेली मला दिसली. मी पहाऱ्यावरून पाच पावलं हलले आणि द्रोणभर शिंगाडे घेऊन आले. फोटोग्राफरचे डोळे चमकले. त्याच्या डोक्यात नवाच प्रकार आला. एक सोललेला शिंगाडा, एक टोक हिच्या तोंडात, दुसरं टोक त्याच्या तोंडात, आणि मधलं अंतर हळूहळू संपत जाणार.

एकच शिंगाडा, दोन तोंडं आणि मध्ये कापडसुद्धा नाही. मी खोकायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी भाचीच बोलली.

"थांबा. उष्टं नाई खात मी. माह्या पद्धतीनं करते."

गाऊनच्या जाळीत काही धरता येईना, म्हणून तिने माझ्या पदराचं टोक ओढलं. त्यात शिंगाडा गुंडाळला आणि कापडावरून कट्कन तोडला. चिमणीचे दात. गाऊन घातलेल्या, ओठांना लाली लावलेल्या मुलीने तलावाच्या पाळीवर चिमणीचे दात काढले आणि मला ती सहा वर्षांची दिसली. फोटोग्राफरला काही कळलं नाही, पण त्याने ते टिपलं. तिने अर्धा आपल्या तोंडात टाकला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला.

त्याने तो हातात घेतला.

"खा ना."

"हूं."

"अवो खा ना, गरम हाये."

"अं हूं," तो आभाळाला म्हणाला. आणि त्याने तो अर्धा शिंगाडा कोटाच्या खिशात ठेवला.

मी आयुष्यात बरेच नवरदेव पाहिले आहेत. शिंगाडा खिशात ठेवणारा पहिलाच. त्याच क्षणी मला सगळं दिसलं. वर गेलेली हनुवटी, गच्च मिटलेले ओठ, डाव्या गालातला बोराएवढा फुगवटा. मी भाचीकडे बघितलं. ती चावत होती. चावता चावता तिचा जबडा थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या गालाकडे, मग घास गिळून टाकला.

"भैया," ती फोटोग्राफरला म्हणाली, आवाज अगदी साखरेसारखा, "तो कपाळाचा शॉट घ्या."

मी खोकायला विसरले.

नवरा मुलगा तर दगडच झाला. थुंकायला जावं तर समोर कॅमेरा. नाही म्हणावं तर तोंड उघडावं लागणार. "चलो जीजाजी, शरमाओ मत," फोटोग्राफर ओरडत होता. शेवटी तो एक पाऊल पुढे आला. भाचीने डोळे मिटले नाहीत. तो वाकला, ओठ दाबलेले, नाकाने श्वास घेत. पण मुका म्हटला की कितीही कोरडा घ्या, ओठ कणभर तरी सैल सोडावेच लागतात. आणि मान खाली गेली की रसही खाली येतो. हे शास्त्र माझ्या आत्याला पाठ होतं, याला नव्हतं.

ओठ टेकले. उचलले. आणि भाचीच्या कपाळावर, बरोबर जिथे कुंकू लावायचं तिथे, एक थेंब राहिला. तपकिरी, चिकट, त्यात सुपारीचा एक बारीक कण. तो थेंब क्षणभर थांबला, मग भुवयांच्या मधून निघून नाकाच्या उतारावरून सावकाश खाली आला आणि शेंड्याला लोंबकळला. त्याच्या मागोमाग तो वास. शिंगाड्यांचा द्रोण माझ्या हातातून पडला, आणि आजतागायत मी शिंगाडा खाल्लेला नाही.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. "ये एडिट में निकल जाएगा," तो हळूच म्हणाला.

भाची हलली नाही. तिने थेंब पुसलाही नाही. नवऱ्या मुलाकडे बघत एकच शब्द बोलली.

"थुका."

तो झुडपामागे गेला. बराच वेळ थुंकत होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा होता आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याला बोलता येत होतं.

"आजच्या दिवसच खाल्लो. कॅमेऱ्याचा भेव लागला."

"मंग लग्नात त हजार लोकं रायतीन," भाची म्हणाली. "किती खासान?"

मी तिचा चेहरा माझ्या पदराने पुसला, त्याच टोकाने, ज्यात तिने शिंगाडा तोडला होता. ती साडी मी नंतर तीन पाण्यांतून काढली आणि शेवटी तिचं पायपुसणं केलं.

गाडी एकच होती, म्हणून परतही सगळे एकत्रच आलो. वाटेत नवऱ्या मुलाने खिशात हात घातला, अर्धा शिंगाडा काढला आणि खाल्ला. भाचीने खिडकीच्या काचेत ते बघितलं. मीही बघितलं, आणि मग खिडकीची काच खाली केली.

घरी भाटवा छपरीत खुर्चीवर बसला होता. बहीण पाणी घेऊन आली आणि आमची तोंडं बघून तिथेच थांबली. भाचीने फोटोग्राफरला कॅमेरा वडिलांसमोर धरायला सांगितलं. भाटव्याने व्हिडिओ पाहिला. मुलगी, कोट, कपाळ, थेंब.

"डिलीट कर दूं?" फोटोग्राफरने विचारलं.

"नाई," भाची म्हणाली. "हाच ठेवा. बाकीचे काढून टाका."

नवरा मुलगा भाटव्यासमोर हात जोडून उभा होता. भाटव्याने आपलं एक बोट उचललं आणि आपल्याच तोंडात घातलं. दुसरं बोट त्याच्या शेजारी लावून बघितलं. ते आत गेलं नाही, दातांवर अडून राहिलं. मग त्याने हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि जावयाच्या तोंडाकडे तीन बोटं दाखवली.

मुलाला कळलं नाही. भाचीला कळलं. तिने आपल्या आईच्या पदराचं टोक ओढलं, आपल्या तीन बोटांभोवती घट्ट गुंडाळलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"तोंड उघडा."

त्याने उघडलं. ती बोटं उभी करून आत घालू लागली आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं, कारण माझ्या सोसण्यालाही काही मर्यादा आहे. पण ऐकू येत होतं. त्याचा श्वास येत होता, बहिणीच्या बांगड्या वाजत होत्या, फोटोग्राफर बिचारा "हे राम" म्हणत होता. मग मी एक डोळा वळवलाच. दोघांच्या नाकांमध्ये वीतभरही अंतर नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, पण त्याने मान वर केली नव्हती. तो सरळ तिच्याकडे बघत होता.

"जातेत," भाची म्हणाली. बोटं काढली. पदर सोडला. "लग्न होळीनंतर. तवरक दर बाजाराच्या दिवशी येऊन असंच तोंड दाखवाचं. एक बोट कमी गेलं त नारळ वापस."

"हाव," मुलगा म्हणाला. स्वच्छ, समोर बघून.

फोटोग्राफर कॅमेरा पिशवीत भरू लागला. बहीण पदराचं ओलं टोक हातात धरून तशीच उभी होती, ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं. आणि तेवढ्यात, ज्याने कित्येक दिवसांत एक सलग वाक्य उच्चारलं नव्हतं, तो माझा भाटवा खुर्चीत पुढे सरकला आणि दातांच्या फटीतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तीन जातेत न? मंग आत्ताच घे त्याचा मुका, पोरी. तुह्या मायनं उशीर केला."